स्लायडर घेताना आधी पाय बघा, पाइप नंतर

"पाइप किती एमएमचा आहे?" पिकअपच्या रॉक स्लायडरचा, म्हणजे दाराखालचा पत्रा दगडापासून वाचवायला कडेने लावतात त्या पोलादी पाइपांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हाच. घेणारा हेच विचारतो, विकणारा हेच सांगतो, आणि "चार एमएम" म्हटलं की दोघंही खूश. माझ्या गाडीजवळ येणारा प्रत्येक जण खाली वाकून पाइपावर टिचकी मारतो आणि आवाज ऐकून मान डोलावतो. आत हात घालून, तो पाइप चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) कसल्या पायांनी आणि कुठे धरलाय हे चाचपडून बघणारा मला तरी क्वचितच भेटला. खरी ताकद तर तिथेच असते.

मी कोल्हापूरची. धंदा औद्योगिक शेड डिझाइन करण्याचा. गिऱ्हाइकं बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली. त्यामुळे दिवसभर डोक्यात सेक्शन, जोड, बोल्ट आणि वेल्डिंग हेच. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस, जुनी अडीच लिटरवाली. हौद्यात साइटचं सामान असतं, आणि सुट्टी मिळाली की तीच गाडी गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाते, नाहीतर भुदरगड-चंदगडच्या बाजूला एखाद्या ओढ्यात उतरते. स्पर्धेबिर्धेत मला रस नाही. पण कच्च्या वाटेला लागलं की गाडी कधीतरी पोटावर टेकतेच, आणि पिकअप जरा जास्तच टेकते.

त्याचं कारण साधं आहे. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी, जिम्नीचा २५९०, माझ्या गाडीचा ३०९५. हायलक्सही ३०८५ म्हणजे त्याच घरातली. जमिनीपासूनची उंची थारची २२६ आणि हिची २२५, कागदावर दोघी बहिणी. पण बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरलेली आणि मागची अजून अलीकडेच असतात, तेव्हा मधलं अंतर जितकं लांब तितकं पोट लवकर टेकणार. भाच्याची थार ज्या उंचवट्यावरून सुळकन निघून जाते तिथे मी मधोमध बसते आणि तो पलीकडे उभा राहून फोटो काढतो. मोठे टायर घालून, सस्पेन्शन उचलून यातलं थोडं वसूल होतं. सव्वासहाशे मिमीहून जास्त लांबीचा फरक मात्र वसूल होत नाही.

आणि मधोमध असतं काय? दाराखालची ती बंद पेटी, जिला आपले डेंटिंगवाले रनिंग बोर्ड म्हणतात. डबल कॅबची केबिन रबरी माउंटवर चासीच्या वर बसलेली असते, आणि चासीच्या दोन्ही कांबी गाडीच्या कडेपासून बऱ्याच आत असतात. म्हणजे कडेला दगड आला तर चासीच्या आधी त्या पातळ पत्र्याची पाळी. दार चेपलं तर दार बदलता येतं, ही पेटी चेपली तर कापून नवी जोडावी लागते. त्याआधी दार नीट लागेनासं होतं, आणि फाटलेल्या सांध्यातून पाणी आत जाऊन गंज धरतो तो वेगळाच.

शोरूममधून जी पायदानं बसवून मिळतात ती माणसाच्या वजनासाठी असतात. दोन टनांची गाडी त्यावर टेकली तर ती वर वळतात आणि जो पत्रा वाचवायचा त्यातच घुसतात. नुसतं पायदान असण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशोब. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मग दुकानदाराशी वाद घालू नये. एका अंगाचं वजन, म्हणजे गाडीचं निम्मं, एक टन, एकाच पायावर आलं असं वाईटात वाईट धरू. पाय चासीपासून २५ सेंमी बाहेर आलेला आहे. वाकवणारा जोर झाला अडीच किलोन्यूटन-मीटर. बहुतेक ठिकाणी पायही रेलच्याच (कडेने जाणारा लांब पाइप म्हणजे रेल) दीड इंची पाइपाचे असतात: बाहेरून ४८.३ मिमी, मीडियम क्लासची जाडी ३.२ मिमी, सेक्शन मॉड्युलस (आकारामुळे वाकायला होणाऱ्या विरोधाचं माप) ४.८ घन सेंमी. भागाकार करा, ताण येतो ५२० मेगापास्कलच्या घरात. साधं स्ट्रक्चरल पोलाद २५० ला वाकायला लागतं, पाइपाची स्वस्त ग्रेड तर २१० लाच. आता "चार एमएम" घ्या, म्हणजे हेवी क्लास. मॉड्युलस ५.७, ताण ४४०. तोही वाकलाच की! आणि त्याच पायाच्या जागी ६० बाय ६० चा, ४ मिमी जाडीचा चौकोनी पाइप लावला तर मॉड्युलस साडेचौदाच्या आसपास आणि ताण १७० वर येतो.

वजनाचं बघा. रेलचा पाइप ३.२ वरून ४ वर नेला तर मीटरमागे आठशे ग्रॅम वाढतात. आतली-बाहेरची अशा दोन रेल धरून एका बाजूला अडीच किलोच्या पुढे, आणि ताकद वाढते जेमतेम एकोणीस टक्के. पाय चौकोनी केले तर प्रत्येक पायामागे पाऊण किलो वाढतं आणि पायाची ताकद तिपटीला जाते. तरीही सगळा बाजार रेलच्या जाडीवर भांडतो, कारण रेल दिसते आणि पाय दिसत नाहीत.

हा हिशोब गाडी अलगद टेकली तरचा. धपकन बसली तर भार दुप्पट धरावा लागतो, आणि मग १७० चे ३४० होतात. म्हणून भार एका पायावर एकटा पडू द्यायचा नाही. तीन पायांऐवजी चार घ्यायचे, दोन पायांमधलं अंतर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही, म्हणजे रेल तो भार शेजारच्या पायांत वाटून देते. चौकोनी पाइप घेताना वायएसटी ३१० ग्रेडचा मागायचा आणि टेस्ट सर्टिफिकेट बघायचं. तीनशे दहा म्हणजे तो २५० ला नाही, ३१० ला वाकायला लागतो. भंगारातून आलेला पाइप दिसायला तसाच असतो.

आमच्याकडे दगडही दोन जातींचा. घाटमाथ्यावरच्या ओढ्यात काळा बसाल्ट: गोल, घट्ट, हलणार नाही आणि फुटणारही नाही. तो एकाच जागी ठोसा देतो. असल्या ठोशासाठी पाय मजबूत हवेत. घाट उतरून खाली गेलं की जांभा लागतो, इकडे मसाई पठारावरही तोच. तो ठोसा देत नाही, खिसणीसारखा रंग किसून काढतो. (मसाईवर गाडी मळलेली वाट सोडून घालू नका. पावसाळ्यानंतर त्या सड्यावर जी बारीक फुलं येतात ती टायरखाली गेली की तिथे पुढे चिखलच राहतो.)

पायानंतर चासी. पाय कितीही दणकट केला आणि तो हाताच्या पंजाएवढ्याही नसलेल्या पट्टीने चासीला टेकवला तर वाकण्याची पाळी चासीच्या पत्र्यावर येते. आत खळगा पडतो. म्हणून पायाच्या मुळाशी किमान सहा मिमीची, चासीच्या पूर्ण उंचीएवढी प्लेट पाहिजे, आणि खालून कोनात वळून चासीच्या तळाला टेकणारी दुसरी. गाडीचं वजन रेलवर आलं की पाय चासीच्या वरच्या बाजूला आत ढकलतो आणि तळाशी बाहेर ओढतो. वरच्या-खालच्या बोल्टमध्ये दहा सेंमी अंतर असेल तर त्या अडीच किलोन्यूटन-मीटरसाठी खालच्या बोल्टांवर पंचवीस किलोन्यूटन ओढ येते. एम-१२, ८.८ ग्रेडचे दोन बोल्ट ती आरामात पेलतात. पण बोल्टच्या डोक्यावर ८.८ छापलेलं असलं पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या बोल्टवर काहीच छापलेलं नसतं. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) नट लावायचे, टॉर्क रेंचने साधारण ८० न्यूटन-मीटर आवळायचे, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा बघायचे.

नुसत्या यू-बोल्टवर लटकवलेले स्लायडरही विकायला असतात. उभ्या भाराला ते चालतात, पण दगडाला आडवं घासत जाताना पुढे-मागे सरकतात. एकदा सरकले की चासीचा रंग जातो आणि मग गंजाची वाट मोकळी.

मग वेल्डिंग का नाही? अमेरिकेत दगडांवरच खेळणारे लोक चासीला वेल्ड करूनच बसवतात, आणि ताकदीच्या दृष्टीने ते चुकीचं नाही. मी केलं नाही. एक तर चासीच्या आतबाहेर ब्रेकची लाइन, डिझेलची लाइन आणि वायरिंग जातं. दुसरं म्हणजे चांगला वेल्ड करणारा माणूस गाडीखाली उताणा पडून, डोळ्यात ठिणग्या येत असताना तितकाच चांगला वेल्ड करेल याची खात्री मी देऊ शकत नाही. टेबलावर वेल्ड केलेला आणि गाडीला बोल्टने लावलेला स्लायडर मला तपासता येतो. आणि कुणी चासीला नवीन भोकं पाडायला निघालं तर त्याला विचारा की भोक नेमकं कुठे. कांबीच्या वरच्या आणि खालच्या कडेला ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे ड्रिल लावायचाच नाही. उभ्या बाजूच्या मध्याजवळ, शक्यतो कंपनीने आधीच ठेवलेल्या भोकांत बोल्ट जायला हवेत. गाडी वॉरंटीत असेल तर हा प्रश्न आणखी जपून सोडवा.

मी स्लायडर उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडून करून घेतले. तयार मागवायचे तर ऑस्ट्रेलियाच्या एआरबीसारख्या कंपन्यांचा माल चांगला असतो, पण कुरिअरसकट किंमत पाहता कोल्हापुरात बसून ते करायचं मला पटेना. सगळा माल जिथे दोन गल्ल्यांत मिळतो तिथे राहायचं आणि पाइप समुद्रापलीकडून मागवायचा?

मिस्त्रींनी ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, गाडीला लावायचंय की शेडला?"

"गाडीला."

"मग एवढे पाय कशाला? तीनमध्ये बसतंय की. वर पाइप चांगला जाड टाकतो, बघा कसा दिसतोय."

"दिसायला नको मिस्त्री, टेकायला पाहिजे."

"टेकलं तर काय हुतंय?" असं म्हणून त्यांनी टेबलावरचा दीड इंची पाइपाचा तुकडा उचलला आणि माझ्यासमोर धरला. मी त्यांच्याच व्हाइसमध्ये तो तुकडा आवळून, वर लांब पाइप सरकवून जोर लावला. पाइप अगदी सावकाश वाकला. मग साठचा चौकोनी आवळला. त्यांच्या पोराने जोर लावला, मग दोघांनी मिळून लावला. टेबल हललं, तुकडा तसाच राहिला. मिस्त्री हसले आणि पोराला म्हणाले, "चार पाय काप."

वेल्डिंगबद्दल मात्र त्यांनी मला शिकवलं. रेलसाठी मी काळा पाइप घेतला होता. शेजारचा एक जण "जीआय घ्या, गंजत नाही" म्हणून मागे लागला होता. मिस्त्रींनी त्याला उडवून लावलं. जस्ताचा थर असलेल्या पाइपावर वेल्ड केलं की जस्त जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी भरून येते, आणि सांध्यात बारीक छिद्रं राहतात ती राहतातच. पायाच्या जोडांना त्यांनी सीओटू वेल्डिंग (रॉडऐवजी तार आणि गॅसवर होणारं) केलं. हातातल्या रॉडने करायचंच असेल तर अशा जोडाला ६०१३ पेक्षा ७०१८ रॉड बरा, पण तो कोरडा ठेवलेला असला पाहिजे, पावसाळ्यात उघड्या पाकिटातला नको. पाइपाचं तोंड गोल खाचून दुसऱ्या पाइपावर बसवलं होतं, मधली फट वेल्डने भरलेली नव्हती. तयार माल घेताना हेच बघायचं: जोडाच्या कडेला वेल्डने पाइप खाल्ला आहे का, शेवटी खड्डा राहिला आहे का, आणि वेल्ड चारी बाजूंनी फिरला आहे की मागची बाजू रंगाखाली लपवली आहे. रेलची टोकं वळवताना पाइपाची शिवण वाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला नको, मधल्या बाजूला हवी. आणि वाकाच्या आतल्या अंगाला सुरकुती दिसली तर तो पाइप परत.

आता सासूबाई. स्लायडर सपाट ठेवायचे की बाहेरची कड वर उचलून, यावर गाडीवाले तासन्‌तास बोलतात. पंधरा-वीस अंश वर उचलले तर खालची उंची कमी खर्च होते आणि दगड कडेने सरकून निघून जातो. सपाट ठेवले तर पायदान मिळतं. आमच्याकडे निर्णय नऊवारीने केला. सासूबाई जोतिबाला जाताना मागच्या दारातून चढतात: डावा हात हँडलला, उजव्या हातात निऱ्या, आणि पाय ठेवायला सपाट जागा हवी. मी कोन दहा अंशांच्या आत ठेवला आणि मागच्या दाराखाली दोन रेलच्या मध्ये खळग्यांची प्लेट वेल्ड करून घेतली. खळगे वर उठलेले, म्हणजे ओल्या चपलेनेही पाय घसरत नाही. भाचा म्हणाला, "आत्या, याने ऑफरोडिंगचा लूक गेला." गेला तर गेला.

मागच्या टोकाला बाहेर वळवलेला किकआउट मी छोटा ठेवला. झाडाला किंवा खडकाला रेल टेकवून गाडी वळवताना तो मागचं चाक दूर ढकलतो, हे खरं. पण आमच्या गल्लीतून उसाची गाडी आली की हातभर जागा उरत नाही, आणि बाहेर आलेला पाइप कुणाच्या तरी मोटरसायकलच्या हँडलला लागणार. मी तो चाकाच्या फ्लेअरच्या बाहेर येऊ दिला नाही.

कायद्याचंही सांगते, कारण हा प्रश्न हमखास येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीच्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं, याच कलमाच्या आधारे. पादचाऱ्यांची इजा आणि एअरबॅग ही कारणं होती. त्या पत्राचा रोख पुढच्या गार्डवर आहे. तरी कुणी अधिकाऱ्याने स्लायडरवर बोट ठेवलं तर वाद घालण्यापेक्षा ते काढता आलेले बरे, आणि बोल्टचा आणखी एक फायदा तो. विमा कंपनीला मात्र लेखी कळवलं.

रंगात मी पावडर कोटिंग टाळलं. नवं असताना सुंदर दिसतं, पण दगडाने एक टवका उडवला की पाणी त्याच्याखाली शिरतं आणि वरून काही दिसत नाही. झिंकचा प्रायमर आणि वर साधा काळा इनॅमल मारला. जांभ्याने किसला की रविवारी पॉलिश पेपर आणि ब्रश घेऊन बसायचं. रेलची टोकं पूर्ण बंद, पण प्रत्येक रेलला खालच्या बाजूला एक छोटं भोक आहे. बंद पाइपात ओलावा शिरला तर निघायला वाट हवी. कुणाला हॉट-डिप गॅल्व्हनाइझ करायचे असतील तर भोकं पाडल्याशिवाय पाठवूच नका. साडेचारशे अंशांच्या जस्तात बंद पाइप बुडवला की आतली हवा तो फोडून बाहेर येते.

रेल आणि रनिंग बोर्डच्या मधली फटही मोजून ठेवा. केबिन रबरावर हलते, चासी वेगळी पिळवटते. फट ठेवलीच नाही तर खडखडाट होऊन शेवटी स्लायडरच पत्रा घासतो. माझ्याकडे ती वीस मिमी आहे.

बसवून झाल्यावर तपासणी मिस्त्रींच्या दारातच केली. रेलच्या मधोमध फार्म जॅक (उंच दांड्यावर चढणारा हातजॅक) लावला, रेलपासून पत्र्यापर्यंतची फट व्हर्नियरने मोजली, आणि त्या अंगाची दोन्ही चाकं जमिनीवरून उठेपर्यंत जॅक मारला. भाराखाली फट थोडी कमी झाली, जॅक उतरवल्यावर पुन्हा होती तेवढीच झाली. ती परत आली नसती तर कुठेतरी काहीतरी कायमचं वाकलं होतं, आणि चासीला लावलेल्या प्लेटचे बोल्ट आधी बघावे लागले असते. तयार स्लायडर घेणाऱ्यांनी हीच तपासणी विकणाऱ्याच्या दारात, त्याच्यासमोर करावी. जॅक त्याच्याकडे असतो. तो नको म्हणाला, तर पैसे खिशात ठेवून निघावं.

आता प्रश्न हौद्याच्या मागच्या कोपऱ्याचा. स्लायडर मागच्या चाकाशी संपतात आणि पुढे तो लांब, लोंबणारा पत्रा उघडाच असतो. ओढ्यातून चढ चढताना आधी तोच खाली घासतो. मिस्त्रींकडे साठच्या चौकोनीचे दीड मीटर शिल्लक आहेत. पुढच्या आठवड्यात टोइंग हुकच्या मापांसह जाऊन बसणार आहे.